सावकाश ये

कल्पिताचा फोन आला तेव्हा अजेय न्हावा शेव्याच्या बंदरातून सुटायच्या एका पेटीच्या, म्हणजे कंटेनरच्या, कागदांवर सह्या करत होता. बहीण तीनच वाक्यं बोलली. भाऊ सिरियस आहेत. जेवून निघ. सावकाश ये. तो 'बरं' म्हणाला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि अर्धी राहिलेली सही पूर्ण केली, खालच्या दोन टिंबांसकट. पुढे वाटेत त्याला त्या टिंबांचं फार नवल वाटत राहिलं. वडील गेल्याचं कळल्यावर माणसाचा हात टिंबं कशी देतो? कारण भाऊ म्हणजे त्याचे वडील, आणि ते गेले हे त्याला कळलं होतं. त्यात शंकेला जागाच नव्हती. नागाव-चौलच्या त्या पट्ट्यात, निदान त्यांच्यासारख्या नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांच्या घरांत, मरण फोनवर कुणी सांगत नाही. सांगणारा एक पायरी वरचं बोलतो आणि ऐकणाऱ्याने आपल्या मनाने एक पायरी खाली उतरायचं असतं. जरा बरं नाही म्हटलं की दुखणं मोठं आहे, आणि सिरियस म्हटलं की संपलं. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरं नारळ सोलायला शिकतात तशी हेही बघून बघून शिकतात. बरं, 'सिरियस'बद्दल एखाद्याने शंका काढली असती, पण 'सावकाश'चं काय? जीव असता तर कल्पिता म्हणाली असती, आहेस तसा निघ. घाईचं काही उरलं नाही म्हणूनच ती सावकाश म्हणाली. आणि जेवून निघ याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल: आता सगळं उरकेपर्यंत घरात चूल पेटायची नाही, तेव्हा पोटात काहीतरी टाकून ये.

यावेळी आपण फसलो नाही, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याबरोबर थोडी लाजही वाटली. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अकरा वर्षांपूर्वी असाच फोन आला होता, तेव्हा बोलणारे भाऊ होते. आईला जरा बरं नाही. सावकाश ये. जेवून निघ. आवाज अगदी रोजचा, वाडीतल्या पंपाची मोटर जळाली सांगताना असतो तसा. आणि चाळिशी ओलांडलेला हा शहाणा मुलगा खरोखर जेवला. ऑफिसच्या खालच्या खानावळीत त्याने राईस प्लेट मागवली, वर वाटीभर दही घेतलं, वडखळला उतरून आईसाठी डझनभर मोसंबी घेतली, ती गोड आहेत का हे फोड चाखून पाहिलं, आणि गाडीत जुनी गाणी लावून निवांत गेला. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली पन्नास माणसं उभी होती. ती बाजूला झाली, तेव्हा त्याच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती आणि ती कुठे ठेवायची हे त्याला कळेना. शेवटी वाडीत काम करणाऱ्या गोदूने ती त्याच्या हातून काढून घेतली. आई गेली त्याचं दुःख झालंच, ते रीतसर होऊन रीतसर ओसरलं. ओसरला नाही तो त्या दह्याच्या वाटीचा राग. आई खाली जमिनीवर होती आणि आपण फोड चाखत होतो, आणि हे आपल्याकडून करवून घेतलं ते त्या रोजच्या आवाजाने. भाऊंना त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या घरात राग बोलून दाखवायचा नसतो, तो कमी बोलून दाखवायचा असतो. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी फोन, ठीक, ठीक, वाडी ठीक, नात प्राप्ती ठीक, ठेवतो.

भाऊंचं कमी बोलणं तसं पहिल्यापासूनचं. त्यांची सगळी नोकरी अलिबागच्या तारघरात गेली. ज्या गोष्टीला दहा शब्द लागतात ती चारात बसवायची आणि उरलेले सहा पुसून टाकायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. घरातही त्यांचं तेच चालायचं, आणि आईचं नेमकं उलट. तिला भाऊंना काही सुनवायचं असलं की ती गोदूला सुनवायची, लेकी बोले सुने लागे, आणि भाऊ ओटीवर पेपर वाचत सगळं ऐकायचे, मान वर न करता. अजेय लहानपणी शाळा सुटली की कधीकधी तारघरात जाऊन बसे. तिथे मरणाची तार द्यायला माणसं येत. काउंटरला धरून उभी राहत, कागदावर काय लिहायचं ते त्यांना सुचत नसे. मग भाऊ जाळीतून हात घालून कागद आपल्याकडे ओढून घेत आणि हळू आवाजात सांगत, गेले असं लिहू नका. सिरियस लिहा, निघून या लिहा. वाटेत माणूस एकटा असतो. माणसं मान डोलवत. तेव्हा पोरवयात अजेयला ह्याचा फार अभिमान वाटायचा, आपल्या बापाला लोकांची मनं कळतात म्हणून. आईच्या वेळेनंतर मात्र तोच प्रसंग आठवला की तो चिडे. म्हणजे जाळीपलीकडच्या परक्या गिऱ्हाइकाला देत तसलंच वाक्य त्यांनी मला दिलं. आपल्या मुलासाठीसुद्धा त्यांच्याकडे वेगळं वाक्य नव्हतं.

त्याने समोरच्या टेबलावरच्या धनेशला सांगितलं, माझे वडील गेले. हे पहिलंच उच्चारण, आणि ते इतकं सहज झालं की तो स्वतःच आपल्या तोंडाकडे लक्ष देऊन ऐकत राहिला. धनेश खुर्चीतून उठून उभा राहिला. कधी ऑफ झाले, असं त्याने विचारलं. अजेयला वाटलं, हेही एक आहेच की. गेले, वारले, ऑफ झाले, देवाज्ञा झाली, सुटले. एवढी सगळी माणसं रोज मरतात पण भाषेत कुणी मरत नाही, सगळे कुठेतरी निघालेले असतात. त्याच्या धंद्यातही तीच तऱ्हा. पेटीच्या कागदावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं, पण त्याआधी तीन इंग्रजी शब्द छापलेले असतात, सेड टु कंटेन, की आत असं असल्याचं पाठवणाऱ्याचं म्हणणं आहे. बोटवाल्याने पेटी उघडलेली नसते, अजेयनेही नसते. एवढी बंदरंच्या बंदरं त्या म्हणण्यावर चालतात, तर घरं का नाही चालायची. धनेशने खांद्यावर हात ठेवून तू निघ, मी बघतो म्हटलं, आणि अजेय निघाला. जेवला मात्र नाही. खानावळीच्या दारावरून गाडी काढताना त्याने मुद्दाम मान दुसरीकडे फिरवली.

खोपट्याच्या पुलावर खाडीचा वारा खिडकीतून आत आला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. हे त्याने सरळ स्वतःशी कबूल केलं, कारण गाडीत दुसरं कुणी नव्हतं. येत्या रविवारी फोन करायचा नाही. ते दोन मिनिटांचं ठीक-ठीक संपलं. कुणावर तरी रागावून असणं हे घरात पाहुणा ठेवण्यासारखं असतं, त्याची सोय बघावी लागते, तो पाहुणा आज निघून गेला. मग चिरनेरच्या अलीकडे तो हलकेपणा हळूहळू नुसता रिकामेपणा झाला आणि मग साधी भूक झाली. आपल्याला दुःख कधी होणार याची तो वाट पाहू लागला, एस. टी.ची पाहावी तशी, आणि अशी वाट पाहताना आपण आपल्याकडेच टक लावून बसलो आहोत हे त्याला चमत्कारिक वाटलं. भाऊ गेले, असं तो मोठ्याने म्हणाला. मग भाऊ वारले. मग माझे वडील आता नाहीत. तिन्ही वाक्यं गाडीत तशीच लोंबकळत राहिली. एखादं तरी आपल्याला लागेल असं त्याला वाटलं होतं, पण सगळी दुसऱ्याच कुणाच्या बातमीसारखी वाटली. कुणाला तरी सांगितलं म्हणजे कदाचित लागेल, असा विचार करून पेणला त्याने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि पुण्याला बायकोला, श्रद्धाला फोन लावला. ती महिनाभर मुलीकडे, प्राप्तीकडे होती. प्राप्तीची पहिली नोकरी, नवी खोली, कपाटं लावायची होती.

भाऊ गेले, तो म्हणाला. श्रद्धाने विचारलं, कोण म्हणालं? कल्पिता. ती गेले म्हणाली? नाही, ती सिरियस म्हणाली, म्हणजे तेच. श्रद्धा म्हणाली, "अहो, सिरियस म्हणाली तर सिरियस असतील." अजेयला तिचा रागच आला. श्रद्धाचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. तिथे आडपडदा नाही. तिचा बाबाजी काका गेला तेव्हा तिच्या आईने पहाटे फोन करून सांगितलं होतं, बाबाजी मेला गो, ये. मग दोघी फोनवर धाय मोकलून रडल्या होत्या आणि अर्ध्या तासात दोघींचीही कामं सुरू झाली होती. अजेयला तेव्हा ते फार रांगडं वाटलं होतं आणि आत कुठेतरी हेवाही वाटला होता. तुला आमच्याकडची रीत कळायची नाही, असं आता तो तिला म्हणाला. ती म्हणाली, बरं, आम्ही निघतो, पण पोरीला तुम्हीच सांगा, माझ्याच्याने व्हायचं नाही. फोन प्राप्तीकडे गेला. प्राप्ती म्हणजे भाऊंची दुधावरची साय, तिच्याशी ते चक्क दहा-दहा मिनिटं बोलत. ती म्हणाली, बोला बाबा. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. आणि अजेयच्या तोंडून शब्द आले, "आजोबांना जरा बरं नाही गं. जेवून निघा. सावकाश या."

आवाज अगदी रोजचा होता. पंपाची मोटर जळाल्यासारखा. प्राप्ती म्हणाली, अरेरे, बरं, त्यांना इथून काही आणू का खायला? तो म्हणाला, आण तुला वाटेल ते. फोन बंद झाल्यावर तो पेणच्या त्या रस्त्यावर बराच वेळ बसून राहिला. बाजूने ट्रक जात होते. हे आपण बोललो? अकरा वर्षं ज्या तीन वाक्यांना आपण मनात पाट मांडून बसवलं, रोज नाही तरी रविवारी रविवारी त्यांच्यावर चिडलो, ती आपल्याच घशात तयार बसलेली होती? त्याने ती ठरवली नव्हती, जुळवलीही नव्हती. तिला वाटेत एकटं वाटू नये म्हणून म्हणावं तर तिच्याबरोबर तिची आई होती. मग कशासाठी? त्याला कारण सापडेना, आणि कारण सापडत नाही याचं त्याला भाऊंच्या मरणापेक्षाही जास्त कुतूहल वाटू लागलं. फोन घणघणत राहिला. धनेशने ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं असणार. पण एवढ्यांना कळूनही कुणाला तरी एकाला सांगायचं राहिलंय, असं त्याला सारखं वाटत होतं. श्रद्धा झाली, प्राप्ती झाली, धनेश झाला, मावसभावांना कल्पिता सांगेल. मग राहिलं कोण? घरातून निघताना गॅस बंद केला की नाही असं वाटत राहतं, तसं ते धरमतरच्या पुलापर्यंत वाटत राहिलं.

रडू आलं ते कार्लेखिंडीत, आणि ते भलत्याच गोष्टीवरून आलं. तो सहा वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला होता. भाऊ कामावरून आले की त्याला कुशीवर वळवून त्याच्या पाठीवर बोटाने टकटक करत बसायचे, तारेच्या यंत्रावर करत तशी. लांब, आखूड, आखूड, लांब. ते लयीत चालायचं आणि त्याला झोप यायची. एकदा त्याने विचारलं, भाऊ, हे काय लिहिता? भाऊ म्हणाले, काही नाही, अलिबाग लिहितो. त्याला ते खरं वाटलं. अलिबाग हे काही इतकं लांब नाव नाही, ते तासभर कसं चालेल, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला तो आज, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, खिंडीतल्या वळणावर. आणि आता विचारायला माणूस नाही. त्याने गाडी थांबवली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडला. फार वाईट वाटलं त्याला, आणि त्या वाईट वाटण्यातही एक समाधान होतं की आलं, अखेर आलं. मग त्याने बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं आणि नागावपर्यंत गाडी न थांबवता नेली.

वाडीच्या फाटकाशी कोवळे हिरवे बांबू तोडून टाकले होते. ते कशासाठी हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. अंगणात गर्दी नव्हती, पण तो आता कशाचाही अर्थ लावू शकत होता. पुरुष मंडळी सामान आणायला गेली असतील, बायका मागीलदारी असतील. त्याने चपला फाटकाशीच काढल्या. गोदू सुपाऱ्या पसरत बसली होती, आता तिची पाठ पार वाकली आहे. आज या घरात सुपाऱ्या कशी पसरते ही, असंही त्याला एकदा वाटलं, पण तो विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही. गोदूने डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलास? जा आत. कवापासून वाट बगतान तुजी." मुलाची वाट पाहत थांबतातच, त्याच्याशिवाय उचलणार कसे. अजेयने हात जोडले, ओटीवरून माजघरात गेला, आणि उंबरठ्यातच खाली बसण्याच्या बेताने वाकला. जमिनीवर काही नव्हतं. खिडकीजवळच्या खाटेवर तीन उशांना टेकून भाऊ बसले होते. गाल आत गेलेले, श्वास वरच्या वर चाललेला, पण चष्मा लावलेला. त्यांनी त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, रडून सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "लवकर आलास," ते म्हणाले.

तो तसाच अर्धवट वाकलेला उभा राहिला. कल्पिता स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. ती त्याला मागीलदारी ओढून घेऊन गेली आणि हलक्या आवाजात जे बोलली त्याचा सारांश असा, की ती अलिबागच्या शाळेत तीस वर्षं शिकवते आहे आणि सिरियस या शब्दाचा अर्थ तिला ठाऊक आहे. रात्री छातीत दुखलं, डॉक्टर येऊन गेले, इस्पितळात न्या म्हणाले तर भाऊ तयार नाहीत, दोन दिवस काढतील की दोन महिने कुणी सांगू शकत नाही. हे सिरियस नाही तर काय? मग सावकाश का म्हणालीस, असं त्याने विचारलं. रस्त्यात खड्डे आहेत म्हणून, ती म्हणाली. आणि जेवून निघ? ते मी नाही, भाऊंनी सांगायला सांगितलं. बांबूंचं त्याने विचारलंच नाही, ते सुपारीच्या मांडवासाठी होते हे त्याला आता डोळ्यांनी दिसत होतं. कल्पिता म्हणाली, "दादा, आईच्या वेळेपासून मी ठरवलं होतं, जे असेल ते सरळ सांगायचं. मी सरळ सांगितलं. तुलाच सरळ ऐकता येत नाही." आणि डोळ्यांना पदर लावून ती त्याच्यासाठी पान वाढायला गेली.

तो आत येऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसला.  ज्याच्यासाठी रडून मोकळं व्हायचं त्याच्याच समोर पुन्हा बसवलं तर माणूस काय बोलणार? बरं वाटतंय का, असं त्याच्या जिभेवर आलं आणि त्याने ते गिळलं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला, मग पुन्हा, मग पुन्हा. कोण एवढं बोलावतंय, भाऊंनी विचारलं. काही नाही, ऑफिसचं आहे, असं म्हणायची सवय होती. तेही त्याने गिळलं, आणि मग दुसरं काही तोंडात उरलंच नाही.

"भाऊ, मला वाटलं तुम्ही गेलात. मी सगळ्यांना तसं सांगितलं."

भाऊंनी डोळे मिटले. त्यांचा श्वास अडकतो की काय असं वाटून अजेय उठला, तर ते हसत होते, छाती दुखू नये अशा बेताने. वाच, ते म्हणाले. अजेयला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. लोकांनी काय लिहिलंय ते वाच, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्या माजघरात दुपारी दीड वाजता मुलाने बापाला बापाचे शोकसंदेश वाचून दाखवले. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. देव मृतात्म्यास शांती देवो. भावपूर्ण श्रद्धांजली. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पेटीचे मालक, वाशीचे हितेशभाई, यांनी लिहिलं होतं की फार वाईट झालं, ओम शांती, बाकी आपली पेटी आज सुटेल ना. हा एकटा खरं बोलतोय, असं भाऊ म्हणाले. त्यांच्या तारघरात अशा वाक्यांना नंबर असायचे, सबंध वाक्य पाठवायचं कामच नव्हतं, नुसता आकडा पाठवला की पलीकडचा माणूस वाक्य छापून घ्यायचा. हे सांगताना ते दमले, थोडा वेळ थांबले. मग विचारलं, प्राप्तीलाही सांगितलंस?

"नाही. तिला सांगता आलं नाही."

"काय म्हणालास?"

अजेयने खाली बघत सांगितलं. जरा बरं नाही, जेवून निघा, सावकाश या.  स्वयंपाकघरात कल्पिताने वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. अजेय म्हणाला, आईच्या वेळी तुम्ही मला हेच सांगितलंत. मी जेवलो होतो, भाऊ. दही घेतलं होतं वर. मला फार राग आला होता तुमचा. अजून आहे. शेवटचे दोन शब्द त्याने जरा थांबून म्हटले, कारण राग खरंच अजून आहे का हे त्याला आधी चाचपून पाहावं लागलं.

ठाऊक आहे, भाऊ म्हणाले. मग ते बोलू लागले, आणि अजेयने त्यांना एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होते.

"तुला वाटलं असेल, गिऱ्हाइकाला सांगायचो तसं तुला सांगितलं. तसं नव्हतं. तुझी आई, अंबिका, गेली सकाळी नऊला. कल्पिता बघत होती, गोदू बघत होती. बाहेर माणसं जमायला लागली. सगळ्यांना ठाऊक झालं. तुला तीनदा फोन लावून ठेवला. म्हटलं, ह्याला सांगितलं की संपलं. सगळ्या जगात आता तू एकटाच होतास ज्याच्यासाठी ती जिवंत होती. जरा बरं नाही, एवढंच. म्हटलं, असू दे. दोन-तीन तास असू दे. तू जेवशील, गाडी चालवशील, तेवढा वेळ ती आहे. माझा स्वार्थ होता तो. तुझा विचार मी नाही केला."

अजेय बसल्या जागी मोसंबी चाखणाऱ्या त्या माणसाला पाहत होता. वडखळच्या दुकानापुढे उभा राहून तो म्हणत होता, आईला आंबट चालत नाही हो, गोड बघून द्या. म्हणत होता ना तो तसं? चालत नाही, असं. चालत नसे असं नाही. त्या माणसावर तो अकरा वर्षं चिडून होता, आणि तो माणूस तेव्हा सगळ्या घरात एकटा सुखी होता, आणि त्या सुखाकडे इथून, या माजघरातून, कुणीतरी डोळे लावून बसलं होतं.  त्याने भाऊंचा हात धरला. तो हात कोरडा आणि अपेक्षेपेक्षा गरम होता.

"आणि आज?" भाऊंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंच चौकशी होती, प्रवासाहून आलेल्या माणसाला विचारतात तशी. "दोन-तीन तास मी नव्हतो. कसं होतं?"

त्याने लपवलं नाही. आधी हलकं वाटलं, तो म्हणाला. खोपट्याच्या पुलावर. मग भूक लागली. मग कार्लेखिंडीत रडलो. भाऊ प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, शब्द मोजून घेत असल्यासारखे. आणि एक सारखं वाटत होतं, अजेय सांगू लागला, की कुणाला तरी सांगायचं राहिलंय. श्रद्धाला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, तरी कुणीतरी राहिलंय. पार धरमतरपर्यंत आठवत होतो कोण ते. इथवर बोलून तो थांबला, कारण ते कोण हे त्याला बोलता बोलता आत्ता कळलं. पुढचं तो लहान मुलाच्या आवाजात म्हणाला. 

"तुम्हीच होतात, भाऊ. तुम्ही गेलात, हे मला तुम्हाला फोन करून सांगायचं होतं."

भाऊंनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना धोतराचं टोक सापडेना, तेव्हा त्यांनी तो तसाच हातात धरून ठेवला.

"मग करायचास की," ते म्हणाले. "उचलला असता."